शांत रस्ता म्हणजे कोणता रस्ता?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

या बैठकीत तू कशावर बोलशील, असं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सायकलीवरून लांब जायला शांत रस्ते कसे शोधायचे, यावर." फोनवर थोडा वेळ कुणी काही बोललंच नाही. मग ताई हसून म्हणाल्या, "अगं, पोटगीच्या केसेस पडल्यात, रेशनचा घोळ चाललाय, आणि तू सायकली काय घेऊन बसलीस?" त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बाईची फुरसत हा विषय आपल्या यादीत नेहमी शेवटी येतो, आणि तिथपर्यंत पोहोचायच्या आत बैठक संपते. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं तेव्हाही दोन वर्षांत त्यावर एकही तास झालेला मला आठवत नाही. पण या रस्त्यांवर मला जे कळलं ते आपल्या रोजच्या कामाशी फार जवळचं आहे. म्हणून आज हाच विषय.

आम्ही सातजणी. ठाणे, डोंबिवली, बदलापूर अशा ठिकाणी राहणाऱ्या. दोघी शिक्षिका, एक नर्स, एक बँकेत, दोघी घर सांभाळणाऱ्या आणि मी. सर्वांत मोठी बावन्न वर्षांची आहे. तिनं चाळिशीनंतर सायकल शिकली. शहरात सायकल चालवायची म्हणजे रिक्षा, बस आणि खड्डे यांच्यातून जीव वाचवणं. म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी पहाटेची लोकल धरून आम्ही कर्जतला येऊ लागलो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत रेल्वेनं १०० किलोमीटर. तिथून पुढे खोपोलीपर्यंतचा फाटा १५ किलोमीटरचा: पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. सायकली मालडब्यात. त्या वेळी मालडब्यात वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि माल घेऊन निघालेले पुरुष असतात. सात बायका सायकली घेऊन आत शिरल्या की सगळे आधी आमच्याकडे बघायचे आणि मग सायकलींकडे. आता सवय झाली आहे, त्यांनाही आणि आम्हालाही.

शांत रस्ते शोधायचे तर आधी अशांत रस्ते नकाशावर खोडून काढावे लागतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तो खालापूर तालुक्यातूनच जातो, पण त्यावर सायकलीला मुळात बंदी आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता चौक, खालापूर, खोपोली करत बोरघाटात शिरतो. त्यावर ट्रकांची रांग. मुरबाड-कर्जत-खोपोली रस्ता आता रुंद झालेला महामार्ग आहे, त्यावर गाड्या वेगानं धावतात. पाताळगंगेच्या बाजूचा सावरोली-खारपाडा रस्ता नकाशावर गरीब दिसतो, पण कारखान्यांचे टँकर त्याच रस्त्यानं जातात. दगडखाणी जिथे आहेत तिथे डंपर असणारच.

मग उरतं काय? उरतात ते पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी जाऊन संपणारे रस्ते. बोरघाटापासून माळशेज घाटापर्यंत मधल्या टापूत गाड्यांची वाहतूक वर देशावर चढेल असा घाटरस्ता नाही. डोंगर भिंतीसारखा उभा आहे. त्यामुळे कडाव-कशेळ्याहून खांडसकडे जाणारा रस्ता, जांबरुखवरून पेठच्या किल्ल्याखाली आंबिवलीला जाणारा रस्ता, किंवा उल्हास नदीच्या बाजूनं कोंदिवड्याला जाणारा रस्ता, हे सगळे पुढे बंद होतात. खांडसच्या पुढे भीमाशंकरला पायी जावं लागतं, कोंदिवड्याच्या पुढे कोंढाण्याची लेणी आणि राजमाचीची चढण. ज्या रस्त्यानं पलीकडे जाता येत नाही त्यावर फक्त तिथलीच माणसं असतात. वाड्यांना जोडणारे डांबरी तुकडे तर अलीकडचे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तेव्हापासून असे बरेच रस्ते झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी चांगले. त्यावर २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. तपकिरी रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की तिथे चढ आहे असं समजायचं आणि आदल्या रात्री लवकर झोपायचं.

इथवरचं कुणीही सायकलवाला तुम्हाला सांगेल. एका अनुभवी गृहस्थांनी आम्हाला अशा रस्त्यांची यादीच करून दिली होती. माणूस सज्जन. एका रस्त्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, "सर्वोत्तम. दहा किलोमीटरमध्ये एक माणूस दिसत नाही."

ऑक्टोबर २०२४ मधल्या एका रविवारी आम्ही त्या रस्त्यावर गेलो. रस्त्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. भात कापणीला आलं होतं, हवा छान होती. पुढे शेतं संपली आणि दोन्ही बाजूंना फार्महाऊसच्या भिंती सुरू झाल्या. उंच भिंती, वर काचा, मोठी लोखंडी फाटकं. माणूस खरोखरच दिसेना. मागून एक जीप आली, आत पाचजण, मोठ्यानं गाणी लावलेली. आमच्या पुढे गेली, वळून परत आली, पुन्हा वळली. तिसऱ्या खेपेला आतल्या एकानं हात बाहेर काढून आमच्यातल्या एकीच्या पाठीवर जोरात थाप मारली. ती सायकलसकट पडली. कोपर फाटलं. फोनला रेंज नव्हती. आम्ही एका फाटकावर थापा मारल्या. आतून आवाज आला, "साहेब नाहीत." फाटक उघडलं नाही.

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं तीन ठाकर बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन वर आल्या. त्यांनी मोळ्या रस्त्यावर टाकल्या आणि आमच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, कोयते मात्र हातात होते. जीप निघून गेली. मग त्यांतली वयस्क मावशी आम्हालाच रागावली. म्हणाली, "या रस्त्यानं कशाला आल्या गं बायांनो? आम्ही पण नाय येत. भिंती झाल्या तेव्हापासून आम्ही ओढ्यानंच जातो."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस मनात घोळवत होते. त्या गृहस्थांच्या यादीतला सर्वांत चांगला रस्ता गावच्या बायकांनी कधीच सोडून दिला होता. त्यांना जी शांतता दिसली ती बायकांच्या निघून जाण्यातून तयार झालेली होती. ते खोटं बोलले नव्हते. त्यांना माणूस न दिसणं सुखाचं वाटतं, कारण माणूस न दिसण्याची भीती त्यांना कधी शिकवलेली नाही. आपल्याला लहानपणापासून तेवढंच शिकवलं जातं.

त्यानंतर आम्ही यादी नव्यानं केली. रस्ता सुरक्षित आहे का, असा प्रश्न आता आम्ही विचारत नाही. त्याचं उत्तर पुरुष देतात आणि "काय घाबरायचं त्यात?" असं देतात. आम्ही बायकांना विचारतो: या रस्त्यानं तुम्ही एकट्या जाता का? कुठपर्यंत? किती वाजेपर्यंत? मुलीला पाठवता का? आठवड्यातला कोणता दिवस टाळता? एसटीच्या थांब्यावर, पाण्यावर, अंगणवाडीत, आठवडी बाजारात विचारतो. आशाताईला तर नक्कीच विचारावं, कारण ती सगळ्या वाड्या पायी फिरलेली असते.

उत्तरांतून जो नकाशा तयार झाला तो वेगळाच होता. एकच रस्ता सकाळी चांगला आणि दुपारी वाईट असतो. सकाळी दूध, बाजार, शाळा, मजुरी यांसाठी लोक चालत असतात. दुपारी एकदीडनंतर तो ओस पडतो आणि शाळा सुटली की पुन्हा भरतो. शाळा सुटायच्या वेळचा रस्ता आम्हाला सर्वांत आवडतो. दोन-दोन वेण्यांच्या मुलींच्या रांगा, घंटी वाजवली की सगळ्या ओरडतात. पावसाळ्यातले शनिवार-रविवार मात्र वाईट. या दोन तालुक्यांत धबधबे आणि धरणं बघायला मुंबई-पुण्याहून लोंढे येतात, दारू असते, माणसं बुडतात. अनेक पावसाळ्यांत प्रशासनाला अशा ठिकाणी मनाई हुकूम काढावे लागले आहेत. तेव्हा पावसाळ्यात जायचं तर आडवारी. पण आडवारी सुट्टी कुणाला? आणि रविवारी तरी घरातली बाई मोकळी असते का? आमच्यातली एक रविवारी पहाटे तीनला उठून चपात्या करून निघते. तिचा नवरा म्हणतो, "मी तिला कधीच अडवलं नाही." खरंच अडवलेलं नाही. चपात्याही कधी केलेल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट कुठल्याच सायकलवाल्याच्या यादीत नसते, ती म्हणजे संडास. पुरुषांना रस्त्याची कडा पुरते. आम्ही पूर्वी पाणीच कमी प्यायचो. परिणाम काय होतो ते आपल्यातल्या नर्सबाई सांगतील. एसटीनं, लोकलनं लांब प्रवास करणाऱ्या किती बाया हेच करत असतील! आता आमच्या नकाशावर प्रत्येक रस्त्याला निदान दोन जागा लिहिलेल्या असतात. एखादं घर, एखादी अंगणवाडी, जिथे विचारून जाता येतं. विचारण्यातून ओळख होते, चहा होतो, आणि पुढच्या खेपेला त्या घरातली बाई आपली वाट बघत असते. अशा ओळखी झाल्या की तो रस्ता आपल्यासाठी आपोआप बदलतो.

अशाच एका घरी मला विचारलं गेलं, "तुमचं काय काम असतं इकडं?" मी म्हटलं, "काही नाही, नुसतंच फिरायला." त्या बाईनं पुन्हा विचारलं, "म्हणजे देवदर्शन?" नाही. "पाहुणे?" नाही. ती हसायला लागली. "नुसतंच?" त्या हसण्यात हेवा होता की कीव, हे मला आजही सांगता येत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांवर अभ्यास करून २०११ साली 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. बाईला बाहेर पडायला नेहमी काहीतरी कारण दाखवावं लागतं, आणि कारणाशिवाय रेंगाळता येणं हाही हक्कच आहे, असं त्यांचं म्हणणं. ते मुंबईच्या फुटपाथबद्दल आहे, पण खांडसच्या रस्त्यावर मला त्याचा अर्थ नीट कळला. त्या बाईचं आयुष्य त्याच रस्त्यावर गेलं, पण डोक्यावर काही न घेता ती त्यावरून कधी चाललेली नव्हती.

म्हणून आपल्याला प्रामाणिकपणे विचारायला हवं की हा रस्ता कुणाचा? आम्ही महिन्यातून एकदा तिथे मोकळी हवा खायला जातो. तिथली मुलगी रोज त्यावरून शाळेत जाते. एका वाडीतली आठवीतली मुलगी चार किलोमीटर चालून शाळेत जायची. एकदा तिनं माझी सायकल मागितली. शाळेच्या मैदानात आम्ही दोघींनी तिला मागून धरलं. तिसऱ्या फेरीला आम्ही हात सोडले ते तिला कळलंही नाही. दमून बसली तेव्हा ती सहज बोलून गेली की वाटेवर मोटरसायकलवरची पोरं त्रास देतात, ओढणी ओढतात. मी माझ्या सवयीनं लगेच विचारलं, "घरी सांगितलंस?" ती म्हणाली, "नाही. सांगितलं तर शाळा बंद करतील."

मी गप्प झाले. कारण जीपचा प्रकार होऊन तेव्हा दोन महिने झाले होते आणि आम्ही सातजणींनी तो घरी सांगितलेला नव्हता. सायकलवरून पडली, एवढंच सांगितलं होतं. पोलिसांतही गेलो नव्हतो. मी रोज बायकांना सांगते की तक्रार नोंदवा, गप्प बसू नका. असा हल्ला पूर्वी दंड विधानाच्या कलम ३५४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, हे मला पाठ आहे. घटना कुठेही घडली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हेही मी इतरांना समजावते. आणि आम्ही का गेलो नाही? सांगितलं तर सायकल बंद करतील म्हणून. आठवीतल्या मुलीचं आणि आमचं कारण शब्दशः एकच होतं. रस्ता हातचा जाऊ नये म्हणून आपण रस्त्यावर जे घडतं ते गिळतो, आणि आपण गिळतो म्हणून सगळ्यांना वाटतं की रस्त्यावर काही घडतच नाही.

त्या रविवारी परतताना लोकलमध्ये आमची खूप वादावादी झाली. शेवटी आम्ही घरी सांगितलं, आणि सातही जणींनी सही करून तक्रार दिली. गाडीचा नंबर आमच्याकडे नव्हता. तक्रार नोंदली गेली, पुढे काही निष्पन्न झालं नाही. आणि आमच्यातली एक, पहाटे तीनला उठणारी, तेव्हापासून येत नाही. तिला आता अडवलेलं आहे. हे मी लपवून ठेवणार नाही. बोलण्याची किंमत असते आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. तिच्या घरी आम्ही जातो, बोलतो. अजून जमलेलं नाही.

बायका मोठ्या संख्येनं सायकलवर आल्या तर काय होतं, हे आपल्या देशात दोनदा दिसलं आहे. तामिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. शीला राणी चुंकथ तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीसेविका अशा हजारो बायका सायकल शिकल्या. टोमणे होतेच. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे लिहून ठेवलं आहे. दुसरं उदाहरण बिहारचं. २००६ साली तिथल्या सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एकाच वेळी गावोगावच्या मुली घोळक्यानं सायकलवर निघाल्या. एकटीचा तमाशा होतो, पण पन्नासजणींकडे लोक बघून बघून कंटाळतात.

शेवटी भिंतींबद्दल. कर्जत-खालापुरात जमिनीला भाव आला, शहरातल्या लोकांची दुसरी घरं झाली. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. जमीन महसूल संहितेत त्यासाठी कलम ३६-अ आहे. तरी जमिनीचे वाद किती आहेत ते इथे बसलेल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. जमीन गेली की मालकी जाते एवढंच आपण मोजतो. पण त्याबरोबर शेतातून जाणारी पायवाट जाते, बांधावर काम करणारी माणसं जातात, हाक ऐकायला कुणी राहत नाही. मग उरलेल्या डांबरी रस्त्यावरून बाईनं एकटीनं जाणं अवघड होतं. जमिनीचा प्रश्न आणि बाईच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपण दोन वेगळ्या फायलींत ठेवतो. त्या रस्त्यावर मला ती एकच फाईल दिसली.

त्या वाडीतल्या बायकांनी महिला ग्रामसभेत दोन मागण्या मांडल्या: फाट्यापासून वाडीपर्यंत दिवे आणि शाळेच्या वेळेला एसटी. राज्यात १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण गाडीच आली नाही तर अर्धं तिकीट काय कामाचं, असं एकीनं उभं राहून विचारलं. दिव्यांचा ठराव झाला. एसटीसाठी अर्ज गेला आहे. आठवीतली ती मुलगी आता नववीत आहे आणि वाडीतल्या पाचजणी एकत्र निघतात. आमच्यातल्या दोघींनी आपल्या जुन्या सायकली दिल्या. पाचजणींत दोन सायकली, म्हणजे पाळीपाळीनं. पुरत नाहीत.

तुम्हा प्रत्येकीकडे माझी एक मागणी आहे. आपापल्या भागात गेल्यावर निदान दहा बायकांना विचारा: कोणत्या रस्त्यानं तुम्ही एकट्या जाता, किती वाजेपर्यंत, आणि कोणता रस्ता कधीपासून सोडलात? शेवटचा प्रश्न विसरू नका. उत्तरं पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण ती एका मोठ्या नकाशावर मांडू. आणि पुढच्या महिन्यात आम्ही कशेळ्यावरून खांडसला जाणार आहोत. ज्यांना सायकल येत नाही त्यांनीही यावं. शाळेचं मैदान मोठं आहे, आणि मागून धरायला आम्ही सहाजणी आहोत.